धावता काळ आणि डावाचा काळ

संगणकावरील खेळांविषयी मराठीत जे लेखन होते त्याचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिला पालकांच्या काळजीचा: मुले बिघडतात, डोळे जातात, अभ्यास बुडतो. दुसरा रोजगाराचा: या क्षेत्रात संधी किती, पगार किती. अलीकडे त्यात तिसऱ्याची भर पडली आहे आणि तो आपल्यासारख्या वाङ्मयाच्या मंडळींचा आहे. 'खेळांतही कथा असते बरे का' असे कौतुकाने सांगून हा लेखक एखाद्या खेळाचे कथानक दोन पानांत उतरवून देतो आणि शेवटी खेळाला 'साहित्याच्या तोडीचा' असे प्रमाणपत्र देऊन मोकळा होतो. आमचे भांडण आहे ते या तिसऱ्याशी. पहिल्या दोघांकडून आमची काही अपेक्षाच नव्हती.

कादंबरीचे कथानक सांगणे म्हणजे कादंबरीची समीक्षा नव्हे, हे आम्ही दोघे दर वर्षी पदवीच्या वर्गाला जून-जुलैतच सांगून टाकतो. निवेदक कोण, काळ कसा हाताळला आहे, वाचकाला कुठे उभे केले आहे, हे प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खेळ समोर आला की मात्र हे सारे प्रश्न गुंडाळून ठेवले जातात. त्यातही लढाई हा भाग म्हणजे बोटांची करामत, तो पोरासोरांचा. कथा तेवढी आपली, अशी वाटणी होते. आमचे म्हणणे असे की किमान एका खेळात तरी ही वाटणी साफ कोलमडते. तिथे लढण्याची रीत हाच रूपबंध आहे आणि तिच्यातच आशयसूत्र दडलेले आहे.

तो खेळ म्हणजे 'ट्रान्झिस्टर'. सान फ्रान्सिस्कोच्या सुपरजायंट गेम्स या लहानशा चमूने तो मे २०१४ मध्ये आणला. लेखन ग्रेग कसाविन यांचे, चित्रशैली जेन झी यांची, संगीत डॅरेन कॉर्ब यांचे. नाव ऐकताच मराठी कानाला खेळ आठवत नाही, रेडिओ आठवतो: फडताळावरचा, चामड्याच्या पिशवीतला, ज्यातून देहावाचून नुसता आवाज यायचा. ही आठवण इथे अस्थानी नाही. क्लाउडबँक या नगरातली रेड ही लोकप्रिय गायिका. कॅमेराटा नावाची चौघांची गुप्त मंडळी तिला संपवायला येते, तिचा प्रियकर मध्ये पडतो आणि एक प्रचंड तलवारीसारखे शस्त्र त्याच्या देहात रुतते. देह मरतो, आवाज शस्त्रात उरतो. रेड वाचते, तिचा आवाज मात्र जातो. पुढचा सारा खेळ ती ही बोलणारी तलवार फरफटत नेत शहरातून चालते, आणि 'प्रोसेस' नावाची यंत्रसेना ते शहर पुसून पांढरेफटक करत असते. कथानक आम्ही तूर्त इथेच थांबवतो.

आता लढाईकडे. आभासी युद्धांत काळाच्या दोन रीती आहेत. एकीत काळ वाहत असतो: तुम्ही विचार करत बसलात तर शत्रू तुमच्यासाठी थांबत नाही. दुसरीत बुद्धिबळासारखे आहे: तुमची चाल, मग त्याची चाल. इंग्रजी संज्ञांची लांबलचक लिप्यंतरे वापरण्यापेक्षा आम्ही यांना 'धावता काळ' आणि 'डावाचा काळ' म्हणतो. 'डाव' या शब्दाची एक सोय अशी की त्यात खेळातली फेरीही येते आणि मनात आखलेला बेतही येतो. दुसऱ्या प्रकारात या दोन्ही गोष्टी एकच असतात.

डावाच्या काळाची वंशावळ सैनिकी आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने युद्धाचा जो खेळ सिद्ध केला, त्यात एक डाव म्हणजे रणभूमीवरची दोन मिनिटे असा हिशेब होता. टेबलावरच्या अशा युद्धखेळांतून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि त्याच्या फाशांसकट हा हिशेब संगणकात शिरला. पुढे दोन्ही काळांची सरमिसळ करण्याचे प्रयत्न झाले. १९९१ च्या 'फायनल फँटसी ४' मध्ये शत्रू तुमच्या निवडीची वाट न पाहता आपली वेळ भरली की वार करू लागला. १९९८ च्या 'बाल्डर्स गेट' मध्ये युद्ध वाहतेच होते, पण स्पेसबार दाबला की गोठायचे. सर्वांत बोलका प्रसंग 'डायब्लो' चा आहे. १९९६ संपताना बाजारात आलेला हा खेळ मुळात डावाचा म्हणून लिहिला जात होता. डेव्हिड ब्रेविक यांचा त्याला विरोध होता; सहकाऱ्यांचे मत पडले वाहत्या काळाच्या बाजूने, आणि मग ब्रेविक यांनीच काही तासांत तो बदल करून टाकला. एका कळीवर सांगाड्याला तत्काळ घाव बसलेला पाहून सगळ्यांनाच त्या खेळाचे भवितव्य कळून चुकले. कादंबरीतील प्रथमपुरुषी निवेदन एका दुपारी तृतीयपुरुषी करून टाकावे आणि कादंबरीच वेगळी व्हावी, तसा हा प्रकार.

'ट्रान्झिस्टर' मध्ये दोन्ही काळ आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची किंमत खेळणाऱ्याने मोजायची आहे. वाहत्या काळात रेड जड पावलांनी लढते. वार करायला वेळ लागतो, शत्रू वेगाने अंगावर येतात, एखादा दूरवर नवा शत्रू उभा करत असतो. अशा वेळी 'टर्न' नावाची कळ दाबायची. जग गोठते, संगीत भिंतीपलीकडून यावे तसे दबते, जमिनीवर चौकटी उमटतात आणि वर एक पट्टी दिसू लागते. ही पट्टी म्हणजे तुमच्या हातातला वेळ. चाललात तर ती खर्च होते, वार आखलात तर खर्च होते. शत्रूच्या पाठीमागे जाऊन वार केला तर किती इजा होईल याचा आकडा आधीच दिसतो. आखलेली चाल आवडली नाही तर खोडता येते, पुन्हा आखता येते. मग दुसऱ्यांदा कळ दाबायची, की आखलेले सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडून जाते. त्यानंतर येतात ती काही सेकंदे फार वाईट. पट्टी पुन्हा भरेपर्यंत रेडच्या हाती जवळजवळ काहीच नसते. जे शत्रू हिशेबातून निसटले ते आता तुमच्याकडे वळलेले असतात, आणि तुम्ही नुसते पळत असता.

लहानपणी पकडापकडीत सापडायची वेळ आली की 'टाइम प्लीज' म्हणून सुटका करून घेता येत असे. ते शब्द उच्चारले की ज्याच्यावर राज्य आहे तोही थांबायचा. पण त्यात 'प्लीज' होते. ती विनंती होती आणि समोरच्याने मान्य केली तरच काळ थांबायचा. रेडच्या 'टर्न' मध्ये प्लीज नाही. समोरच्याला काळ थांबल्याचे कळतच नाही. त्याला फक्त परिणाम भोगायचा असतो.

काळ थांबवणे साहित्याला नवे नाही. झेरार झनेत याने १९७२ मध्ये कथनाच्या गतींची जी मांडणी केली तीत विराम ही एक गती आहेच: कथन चालू राहते आणि कथेतला काळ शून्यावर येतो. आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण द्यायचे तर दोन सेनांच्या मध्ये सातशे श्लोकांचा संवाद व्हायला वेळ कुठून मिळाला, ही भगवद्गीतेविषयीची जुनी शंका. तिचे वाङ्मयीन उत्तर साधे आहे. गीता आपल्यापर्यंत संजयाच्या मुखातून येते आणि संजय ती धृतराष्ट्राला सांगू लागतो तेव्हा भीष्म पडलेले आहेत, युद्धाचे दहा दिवस उलटून गेले आहेत. रणांगणावर काय झाले असेल ते असो. आपल्यासाठी काळ थांबवतो तो सांगणारा. संगीत नाटकातही हेच. पद सुरू झाले की प्रसंग जागच्या जागी उभा राहतो, सखी ताटकळते, खलपुरुष विंगेत वाट पाहतो. बालगंधर्वांच्या पदांना 'वन्समोर' मिळत राहिला की कथेतला तोच क्षण पुन्हा पुन्हा लांबत जाई. तिथे काळ थांबवण्याची सत्ता सुरांची होती, आणि ती प्रेक्षकांनी आनंदाने दिलेली होती.

'ट्रान्झिस्टर' या परंपरेत बसतो आणि तिला एक पीळ देतो. इथे विराम निवेदकाच्या हाती नाही. तो पात्राच्या हातात शस्त्र म्हणून दिला आहे. आणि ते पात्र कोण, तर आवाज गेलेली गायिका. रंगमंचावरच्या नायिकेने गाण्यासाठी काळ थांबवावा, तशी रेड मारण्यासाठी काळ थांबवते. शब्द गेले तरी सूर मात्र पुरता गेलेला नाही. एक कळ दाबून ठेवली की ती जागीच उभी राहून पार्श्वसंगीताबरोबर गुणगुणू लागते. युद्धात या गुणगुणण्याचा शून्य उपयोग आहे. खेळातली ही कृती अशी, की जिच्यातून काहीच मिळवायचे नसते. आमच्या मते कसाविन-कॉर्ब जोडगोळीची ही सर्वांत सूक्ष्म जागा आहे आणि ती कथानकाच्या कोणत्याही गोषवाऱ्यात येणार नाही.

आता तलवारीत काय आहे ते पाहू. तिच्या शक्तींना संगणकाच्या आज्ञावलीतल्यासारखी नावे आहेत: क्रॅश, ब्रीच, जॉन्ट, हेल्प. अशा एकूण सोळा. प्रत्येक शक्ती म्हणजे या शस्त्राने सामावून घेतलेली एक व्यक्ती, नगरातली कुणी तरी नामवंत किंवा धडपडी. पहिली शक्ती खुद्द रेडची, दुसरी त्या अनाम प्रियकराची. कॅमेराटाच्या चौघांपैकी सिबिल हिला रेड हरवते आणि तिचीही शक्ती होऊन जाते. प्रत्येक शक्ती तीन प्रकारे लावता येते: मुख्य वार म्हणून, दुसऱ्या वाराला जोड म्हणून, किंवा अंगचा गुण म्हणून. खेळाची मेख अशी की त्या व्यक्तीच्या चरित्राची नोंदही तीन तुकड्यांत आहे. शक्ती एका प्रकारे वापरली की एक तुकडा उघडतो. तिन्ही प्रकारे वापराल तेव्हा माणूस पुरता कळतो.

हे वाचून अभ्यासकाने थोडे अस्वस्थ व्हायला हवे. माणसाला जाणून घेण्याचा मार्ग त्याचा वापर करून घेण्यातून जातो, असे हा खेळ आपल्याकडून करवून घेतो. आणि आपण ते करतो. उत्सुकतेने, वाचकाच्या निर्मळ जिज्ञासेने करतो. लढाईसाठी सोयीची नसलेली शक्ती केवळ नोंद उघडावी म्हणून लावून पाहतो. संशोधनासाठी मृतांची पत्रे चाळणारा अभ्यासक, लोककथा गोळा करून नावावर लावणारा संकलक, यांच्याशी ही जिज्ञासा कितपत वेगळी, हा प्रश्न आमच्या व्यवसायाला टाळता येण्यासारखा नाही. हरण्याची रीतही याच सूत्रातली. रेडची प्राणशक्ती संपली की खेळ लगेच थांबत नाही. वापरात असलेली एक शक्ती तेवढी निकामी होते आणि काही काळ परत मिळत नाही. आपल्याऐवजी दुसरे कुणी तरी खर्ची पडते.

कॅमेराटाला काय हवे होते हेही इथेच उलगडते. क्लाउडबँकमध्ये सारे काही मतदानाने ठरते, अगदी आकाशाचा रंगसुद्धा. आज एक रंग, उद्या दुसरा. रस्ते, पूल, उद्याने यांतले काहीच टिकत नाही, कारण बहुमत टिकत नाही. या सततच्या बदलाला कंटाळलेल्या चौघांनी ठरवले की काही तरी कायमचे असावे, आणि ते कुणी तरी शांत डोक्याने आखावे. शहर थांबवायचे, पाहायचे, आखायचे आणि एका झटक्यात अमलात आणायचे. आता वर दिलेले 'टर्न' चे वर्णन पुन्हा वाचावे. कॅमेराटाचे स्वप्न आणि आपल्या हातातली कळ एकच आहे. वाहता काळ हा नगरवासीयांचा, गलक्याचा, मतमतांतरांचा. डावाचा काळ हा नियोजकाचा. ज्यांच्याविरुद्ध आपण लढतो आहोत त्यांच्याच सुखाची चटक खेळाने आपल्याला पहिल्या अर्ध्या तासात लावलेली असते. चौकटींतून चालण्याचा, आकडा पाहण्याचा, खोडून पुन्हा आखण्याचा तो आनंद खरा आहे. तो आम्हांलाही झाला.

याची परतफेड शेवटच्या लढाईत होते. रॉइस ब्रॅकेट हा त्या चौघांतला उरलेला एक, नगराचा रचनाकार. तलवार तिच्या मूळ स्थानी ठेवल्यावर तो आणि रेड दोघेही तिच्या आत ओढले जातात. बाहेर एकच येणार. रॉइसच्या हातीही तसेच शस्त्र आहे. लढाई सुरू होते आणि थोड्याच वेळात जग गोठते, चौकटी उमटतात. पण या वेळी कळ तुम्ही दाबलेली नसते. रॉइस निवांत चालत येतो, आपली चाल आखतो आणि तुम्ही कोणतीही कळ दाबली तरी काही होत नाही. संपूर्ण खेळभर तुमच्यासमोरचे शत्रू जिथे उभे होते तिथे आता तुम्ही आहात. यासाठी खेळाने एक वाक्यही खर्च केलेले नाही. नाटककाराला इथे स्वगत लिहावे लागले असते, कादंबरीकाराला दोन परिच्छेद. खेळाने केवळ काळ दुसऱ्याच्या हाती दिला. विचार करायला वेळ कुणाला मिळतो आणि कुणाच्या जिवावर मिळतो, हा प्रश्न इतक्या कमी सामग्रीत मांडलेला आम्ही क्वचित पाहिला आहे.

खेळात उणिवा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. व्यक्तींच्या नोंदी कित्येकदा विवाहमंडळातल्या परिचयपत्रासारख्या वाटतात: जन्म, कार्य, लौकिक, अंत. कॅमेराटातले ग्रँट आणि अ‍ॅशर हे दोघे तर आपल्याला भेटण्याआधीच स्वतःला संपवून मोकळे होतात. एवढ्या मोठ्या वैचारिक बाजूला धड प्रतिपक्षच मिळत नाही. अंगावर येणारे शत्रू यंत्रेच आहेत, त्यामुळे मारण्याचा प्रश्न खेळ सोयीस्करपणे हलका करून घेतो. शिवाय सराईत खेळाडू 'टर्न' वाचूनही बराच खेळ काढू शकतो, आणि मग आमची सारी मांडणी त्याला केवळ प्राध्यापकी वाटेल. यावर आमचे उत्तर एवढेच, की दीर्घ कवितेतली चिंतनाची कडवी गाळून कथाभाग तेवढा वाचणारा वाचकही असतो. त्याच्या वाचनाने कवितेची रचना बदलत नाही.

शेवटाविषयी आम्हां दोघांत मतभेद आहे आणि तो मिटलेला नाही. रॉइसला हरवून रेड परतते. आता तिच्या हातातल्या शस्त्राने ती पुसलेले नगर पुन्हा उभे करू शकते. थोडेसे करूनही पाहते. मग ती प्रियकराच्या निष्प्राण देहापाशी जाऊन बसते आणि तलवार विनवत असतानाही आपला जीव देते. त्यानंतर तलवारीच्या आतल्या जगात ती त्याला भेटते आणि तिचा बोलता आवाज ऐकू येतो. या निर्णयात खेळणाऱ्याला काहीही विचारलेले नाही.

आमच्यापैकी एकाचे मत असे की ही फसवणूक आहे. सहा-सात तास आखायला शिकवले, परिणामांची जबाबदारी घ्यायला लावली आणि सर्वांत मोठ्या निर्णयाच्या क्षणी हात बांधले. शिवाय प्रेमासाठी स्त्रीने मरणे हा शेवट आपण एवढ्या वेळा वाचला आहे की त्यात नवे काही उरलेले नाही. रिकाम्या नगरात एकटीने वीट रचत राहणारी रेड अधिक अवघड आणि अधिक खरी झाली असती. मरणाला पुनर्मीलनाचे गोड रूप देणे हेही या मताप्रमाणे आक्षेपार्हच, आणि तरुण विद्यार्थ्यांसमोर ते टीकेवाचून ठेवता येणार नाही.

दुसऱ्याचे मत: नगर एकट्याने, शांत डोक्याने, कुणालाही न विचारता उभे करणे हेच तर कॅमेराटाचे काम होते. रेड ते नाकारते. खेळणाऱ्याला विचारले असते तर त्याने बहुधा नगर उभे करण्याचाच पर्याय निवडला असता, कारण त्याला आखण्याची सवय लागली आहे. म्हणून त्याला विचारलेले नाही. वाटेत ठिकठिकाणच्या फलकांवर रेड बातम्यांखाली शेरे टंकत जाते. लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते, आणि हे तिचे लिहिणे-खोडणे आपल्याला नुसते पाहावे लागते. तेव्हापासूनच ती आपल्या हातातली बाहुली नाही, अशी सूचना दिलेली होती. पहिल्याला हे मान्य नाही. फलकावरचा शेरा आणि जीव देणे यांत सूचनेचे नाते लावणे म्हणजे शेवट ठाऊक झाल्यावर मागे जाऊन पुरावे पेरणे, असे त्याचे म्हणणे.

अभ्यासक्रमात 'कथनमीमांसा' हा घटक असेल तिथे विरामाचे उदाहरण म्हणून हा खेळ वर्गात दाखवावा, यावर मात्र आमचे एकमत आहे. संपूर्ण खेळाची आवश्यकता नाही. सुरुवातीचा अर्धा तास आणि रॉइसची लढाई एवढे पडद्यावर चालवले आणि एका विद्यार्थ्याच्या हाती कळफलक दिला तरी पुरे. खेळणाऱ्याला आणि नुसते पाहणाऱ्यांना तो थांबलेला काळ सारखाच लांब वाटला का, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. अडचण भाषेची येईल. खेळ इंग्रजी आहे आणि तलवारीचा तो खालच्या पट्टीतला, जवळिकीचा स्वर मराठीत कसा आणायचा हा भाषांतराच्या तासाला देण्यासारखा निराळा अभ्यास आहे.

खेळ संपल्यावर सगळ्या शक्ती हाती ठेवून तो पुन्हा पहिल्यापासून खेळता येतो. आमच्यापैकी एक तो सध्या दुसऱ्यांदा खेळतो आहे. त्याच्याकडच्या सोळांपैकी तीन नोंदी अद्याप अपुऱ्या आहेत आणि त्या तशाच ठेवायच्या, असे त्याने ठरवले आहे. दुसऱ्याला हा निव्वळ भाबडेपणा वाटतो.